बाभळीचे दरवाजे दरवर्षी १ जुलैला का उघडतात? उत्तर शंकरराव चव्हाणांनी १९७५ साली केलेल्या करारात आहे

नांदेड जिल्ह्यात धर्माबाद तालुक्यात गोदावरीवर बाभळी बंधारा आहे. दरवर्षी १ जुलैला या बंधाऱ्याचे सगळेच्या सगळे म्हणजे १४ दरवाजे वर उचलले जातात. ऐन पावसाळ्यात, नदीला पाणी येतं तेव्हाच. मग २८ ऑक्टोबरपर्यंत ते खाली टाकता येत नाहीत. पूर आला तरी पाणी डोळ्यांदेखत तेलंगणात जातं आणि धर्माबादचा शेतकरी बघत बसतो.

सोशल मीडियावर दर पावसाळ्यात हे व्हिडिओ फिरतात. खाली कमेंट ठरलेल्या असतात. आपलं पाणी त्यांना का? कुणी दिलं? कुणी विकलं?

तर या प्रश्नाचं उत्तर सुप्रीम कोर्टाच्या २०१३ च्या निकालात आहे, आणि त्या निकालाचं मूळ ६ ऑक्टोबर १९७५ च्या एका करारात आहे. तो करार झाला तेव्हा महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते नांदेडचे शंकरराव चव्हाण.

शेजाऱ्याशी भांडण मिटवायचं असेल तर काय द्यावं लागतं आणि त्या बदल्यात काय मिळतं, हे समजून घ्यायचं असेल तर या माणसाचा प्रवास बघायला हवा.

शेजारी नव्हतेच, सगळे एकाच घरात होते

शंकरराव भाऊराव चव्हाण यांचा जन्म १४ जुलै १९२० चा, पैठणचा. गोदाकाठचं पैठण तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. मराठवाडा, तेलंगणा आणि कर्नाटकातले बिदर, गुलबर्गा, रायचूर हे जिल्हे मिळून हे संस्थान बनलेलं. मराठी, तेलुगू आणि कानडी बोलणारी माणसं एकाच राजाची प्रजा होती.

या संस्थानाचा थाट वेगळ्या देशासारखा होता. स्वतःचं चलन होतं, ज्याला लोक हाली सिक्का म्हणायचे. स्वतःची रेल्वे होती, टपाल होतं. सरहद्दीवर करोडगिरीचे नाके होते, म्हणजे बाहेरून माल आणायचा तर जकात भरा. उमरखेड वऱ्हाडात, हदगाव निजामाकडे. मध्ये पैनगंगा. नदी ओलांडली की राज्य बदलायचं.

शंकररावांनी मद्रास विद्यापीठातून बी.ए. केलं आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली. वकिली करून चार पैसे मिळवायचे दिवस होते. पण १९४७ ला भारत स्वतंत्र झाला आणि निजामाने भारतात यायला नकार दिला. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचा लढा पेटला. संस्थानाच्या सरहद्दीबाहेर कॅम्प उभे राहिले. शंकरराव वकिली सोडून या लढ्यात उतरले आणि उमरखेडच्या कॅम्पवर काम करू लागले. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद मुक्त झालं.

पुढे त्यांनी नांदेडलाच बस्तान बसवलं. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते पडले. नंतर नांदेडचे नगराध्यक्ष झाले. आणि १९५६ साल उजाडलं.

राज्यं वाटली गेली, नदी मात्र एकच राहिली

१ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांतरचना झाली. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेलंगणा आंध्र प्रदेशात गेला, कानडी भाग म्हैसूर राज्यात गेला. माणसांच्या दृष्टीने हे बरं झालं. पण नद्यांचं काय?

गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते, पैठण, गंगाखेड, नांदेड करत तेलंगणात शिरते आणि १,४६५ किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते. मांजरा तर त्याहून गमतीशीर. ती बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरात उगम पावते, लातूरमधून वाहते, कर्नाटकात बिदरला जाते, तिथून तेलंगणात उतरते, वळसा घालून परत नांदेड जिल्ह्याच्या सीमेवर येते आणि कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते. एका नदीला तीन राज्यं.

कालपर्यंत हे सगळं एका सरकारच्या ताब्यात होतं. निजामाने १९२० च्या दशकात मांजरेवर निजामसागर बांधायला घेतला, तेव्हा वरच्या लातूरला आणि खालच्या निजामाबादला विचारायचा प्रश्नच आला नव्हता. आता मात्र वरचा भाग एका राज्याचा आणि खालचा दुसऱ्याचा झाला. १९५१ साली गोदावरी-कृष्णेच्या पाण्याची जी वाटणी ठरली होती, ती जुन्या राज्यांच्या हिशोबाने होती. ती राज्यंच उरली नाहीत, तर वाटणी कुठली उरणार?

नेमक्या याच काळात शंकरराव यशवंतराव चव्हाणांच्या मंत्रिमंडळात उपमंत्री झाले. १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं आणि त्यांच्याकडे पाटबंधारे आणि वीज खातं आलं. पुढची जवळपास बारा वर्षं ते खातं त्यांच्या हातात होतं.

जायकवाडी, आणि स्वतःचंच गाव

मराठवाडा तेव्हा कोरडवाहू. निजामाच्या काळात मोठी धरणं तेलंगणात झाली, मराठवाड्याच्या वाट्याला फार काही आलं नाही. शंकररावांनी पूर्णा नदीवरच्या येलदरी आणि सिद्धेश्वर धरणांच्या मागे जोर लावला. परभणी, हिंगोली, नांदेडच्या शिवारात पाट आले.

मग आलं जायकवाडी. मूळ विचार बीड जिल्ह्यातल्या जायकुचीवाडी इथे धरण करायचा होता. पुढे जागा वर सरकली आणि पैठणला आली, नाव मात्र जायकवाडीच राहिलं. पैठण म्हणजे शंकररावांचं जन्मगाव. सुपीक काळी जमीन पाण्याखाली जाणार, गावं उठणार म्हणून लोक चिडले. विरोध आपल्याच माणसांचा होता. तरी शंकरराव मागे हटले नाहीत. १८ ऑक्टोबर १९६५ ला पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली. २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींच्या हस्ते धरणाचं लोकार्पण झालं. जवळपास १०२ टीएमसीचं धरण. एक टीएमसी म्हणजे साधारण २,८३१ कोटी लिटर पाणी.

पण धरण बांधणं हा अर्धा भाग होता. उरलेला अर्धा भाग खालच्या राज्याशी बोलून मिटवायचा होता.

आंध्र प्रदेशलाही धरण हवंच होतं

तिकडे आंध्र प्रदेश काही गप्प बसलेला नव्हता. नांदेडच्या खाली, निजामाबाद जिल्ह्याच्या भागात पोचमपाड धरणाची पायाभरणी नेहरूंनी २६ जुलै १९६३ ला केली होती. हेच आजचं श्रीरामसागर. या धरणाचं पाणी मागे फुगून महाराष्ट्राच्या हद्दीत, नांदेड जिल्ह्याच्या जमिनीपर्यंत येणार होतं. हैदराबाद शहर वाढत होतं, त्याला मांजरेचं पिण्याचं पाणी हवं होतं.

म्हणजे कोंडी अशी होती. महाराष्ट्राने वर सगळं पाणी अडवलं तर पोचमपाड कोरडं पडणार. पोचमपाडची उंची मनासारखी ठेवायची तर महाराष्ट्राची जमीन बुडणार. दोघंही एकमेकांच्या प्रकल्पावर हरकत घेऊ शकत होते आणि हरकत घेतली की दिल्लीतली मंजुरी अडकत होती. दोघांचीही कामं रखडत होती.

एप्रिल १९६९ मध्ये केंद्राने न्यायमूर्ती आर. एस. बच्छावत यांच्या अध्यक्षतेखाली गोदावरी आणि कृष्णा या दोन्ही नद्यांसाठी लवाद नेमले. कृष्णेचा निवाडा १९७३ ला आला. तिथे राज्यं शेवटपर्यंत भांडत राहिली. गोदावरीचं मात्र वेगळं झालं. इथे राज्यांनीच बसून आपसात तोडगा काढला आणि लवादाने पुढे त्याच तोडग्यांवर शिक्का मारला.

१९७५ च्या करारात ठरलं काय?

२१ फेब्रुवारी १९७५ ला शंकरराव महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. मराठवाड्याला मिळालेले ते पहिले मुख्यमंत्री. आंध्रात जलगम वेंगलराव मुख्यमंत्री होते. ६ ऑक्टोबर १९७५ ला दोन्ही राज्यांत करार झाला. सोप्या भाषेत सांगायचं तर तो असा.

पहिलं कलम पैठणचं. गोदावरीवर पैठण धरणापर्यंत आणि पूर्णेवर सिद्धेश्वर धरणापर्यंत जेवढं पाणी येईल, ते सगळं महाराष्ट्राचं. किती वापरायचं, कसं वापरायचं, आंध्रने विचारायचं नाही.

दुसरं कलम नांदेडचं. पैठण, सिद्धेश्वर आणि मांजरेवरच्या निजामसागरच्या खालून ते पोचमपाडपर्यंत जो टापू आहे, तिथे महाराष्ट्राने नवीन प्रकल्पांसाठी जास्तीत जास्त ६० टीएमसी पाणी वापरायचं. उरलेलं आंध्रचं. पोचमपाड ठरलेल्या उंचीपर्यंत भरायला महाराष्ट्राची हरकत नाही.

तिसरं कलम लातूरचं. मांजरा खोऱ्यात निजामसागरच्या वर महाराष्ट्राने नवीन प्रकल्पांसाठी २२ टीएमसीपर्यंत पाणी वापरायचं. आंध्रने सिंगूरला धरण बांधायचं आणि त्यातून हैदराबादला पिण्यासाठी ४ टीएमसी पाणी न्यायचं.

याशिवाय लेंडी, निम्न पैनगंगा असे काही प्रकल्प दोघांनी मिळून करायचे ठरले.

डिसेंबर १९७५ मध्ये महाराष्ट्र, आंध्र प्रदेश, मध्य प्रदेश, कर्नाटक आणि ओरिसा अशी पाच राज्यं एका टेबलावर आली आणि आपापसातले करार पुढे नेण्यावर सहमती झाली. जुलै १९८० मध्ये लवादाचा अंतिम निवाडा आला, त्यात हे करार जोडले गेले. त्यामुळे कागदावरच्या शब्दाला कायद्याचं बळ मिळालं.

या करारात एक व्यवहारी शहाणपण दिसतं. नदीत दरवर्षी नेमकं किती पाणी येईल, हे कुणालाच सांगता येत नाही. त्यामुळे सगळ्या नदीचे टक्के पाडण्याऐवजी धरणांच्या जागांवर रेषा ओढल्या. या रेषेपर्यंत तुझं, त्या रेषेपुढे माझं, मधल्या पट्ट्यात तुला एवढी मर्यादा. रेषा डोळ्यांना दिसते, मर्यादा मोजता येते. रोज भांडायची गरज उरत नाही.

देशांच्या पातळीवरही हेच दिसतं. १९६० च्या सिंधू करारात भारत आणि पाकिस्तानने पाण्याचे टक्के पाडले नाहीत, नद्याच वाटून घेतल्या. पूर्वेकडच्या तीन भारताच्या, पश्चिमेकडच्या तीन मुख्यत्वे पाकिस्तानच्या. उलट १९८५ ला ढाक्यात सार्कची स्थापना झाली तेव्हा सनदेतच लिहून ठेवलं गेलं की दोन देशांमधले वादाचे विषय या व्यासपीठावर चर्चेला घ्यायचे नाहीत. परिणाम काय झाला ते आपण बघतोच आहोत. शेजाऱ्यांचं सहकार्य हवं असेल तर सगळ्यात दुखरा विषय आधी टेबलावर घ्यावा लागतो. गोदावरीच्या राज्यांनी तो घेतला.

पण हे इतकं सहज कसं झालं?

इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. ऑक्टोबर १९७५ म्हणजे आणीबाणीचा काळ. मुंबईत काँग्रेस, हैदराबादेत काँग्रेस, दिल्लीत काँग्रेस. विरोधी पक्षाचे नेते तुरुंगात आणि वर्तमानपत्रांवर सेन्सॉर. दोन मुख्यमंत्री बसले आणि सही झाली, रस्त्यावर उतरून जाब विचारणारं कुणी मोकळं नव्हतं. आज असा करार करायचा म्हटला तर दोन्हीकडे मोर्चे निघतील.

म्हणून मराठवाड्यात एक नाराजी कायम राहिली. ६० टीएमसी कमी पडले, नांदेडचा हात आखडला गेला, अशी. तर दुसरी बाजू सांगते की करार झाला नसता तर वाद लवादातच रेंगाळला असता, आणि खालच्या राज्याची हरकत असताना जायकवाडीसकट वरच्या धरणांवर टांगती तलवार राहिली असती. पैठणपर्यंतचं सगळं पाणी बिनशर्त मिळवणं ही लहान गोष्ट नव्हती.

शंकररावांचा स्वभावही इथे समजून घ्यावा लागतो. राजकारणात त्यांना हेडमास्तर म्हणायचे. शिस्तीचे, कमी बोलणारे, फायली स्वतः वाचणारे, अधिकाऱ्यांना आकडे विचारणारे. गर्दी खेचणारा नेता म्हणून त्यांची ख्याती नव्हती. पण कलमं आणि टीएमसीच्या बैठकीत असाच माणूस लागतो.

दिल्ली, आणि पुन्हा नांदेड

१९७७ ला काँग्रेसचा पराभव झाला आणि मे महिन्यात शंकररावांचं मुख्यमंत्रिपद गेलं. १९८० ला ते नांदेडमधून लोकसभेवर गेले. पुढे केंद्रात शिक्षण, नियोजन, संरक्षण, गृह, अर्थ अशी खाती त्यांनी सांभाळली. मार्च १९८६ ते जून १९८८ या काळात ते दुसऱ्यांदा मुख्यमंत्री होते. गंमत म्हणजे त्यांनी सूत्रं घेतली ती शिवाजीराव पाटील निलंगेकरांनंतर, म्हणजे लातूरच्या नेत्यानंतर नांदेडचे नेते आले.

नांदेडच्या उशाला असर्जनजवळ गोदावरीवर विष्णुपुरी प्रकल्प उभा राहिला, त्यामागे शंकररावांचाच रेटा होता. नदी खोल आणि जमीन उंच, म्हणून पंपाने पाणी उचलून शेतात न्यायची ही योजना. त्या जलाशयाला आता शंकरसागर म्हणतात. नांदेड शहर याच पाण्यावर जगतं.

१९९१ ते १९९६ ते नरसिंह रावांच्या सरकारात गृहमंत्री होते. ६ डिसेंबर १९९२ ला बाबरी मशीद पाडली गेली तेव्हा देशाचं गृहखातं त्यांच्याकडे होतं आणि केंद्राने वेळेवर पाऊल का उचललं नाही, हा ठपका त्यांच्या कारकिर्दीवर कायमचा बसला. २६ फेब्रुवारी २००४ ला त्यांचं निधन झालं.

करार करणारे गेले, करार उरला

त्यांच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी त्या कराराची खरी परीक्षा झाली. महाराष्ट्राने बाभळी बंधाऱ्याचं काम काढलं. ही जागा पोचमपाडच्या फुगवट्याच्या क्षेत्रातच येते. आमचं पाणी पळवताय, म्हणत आंध्र प्रदेश २००६ ला सुप्रीम कोर्टात गेला. जुलै २०१० मध्ये चंद्राबाबू नायडू आमदार-खासदारांना घेऊन बाभळीकडे निघाले आणि धर्माबादेत त्यांना ताब्यात घेण्यात आलं. दोन राज्यांत वातावरण तापलं.

२८ फेब्रुवारी २०१३ ला निकाल लागला. कोर्टाने १९७५ चा करारच पुढे ठेवला. मधल्या टापूत महाराष्ट्राला ६० टीएमसीचा हक्क आहे ना? मग बाभळीचे २.७४ टीएमसी त्या ६० मधलेच धरा आणि बंधारा ठेवा. पण पोचमपाडचं नुकसान व्हायला नको, म्हणून १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवा आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडा. देखरेखीला तीन जणांची समिती, एक केंद्राचा, एक-एक दोन्ही राज्यांचा.

म्हणजे बाभळी आज उभी आहे ती त्या करारामुळे, आणि पावसाळ्यात तिचे दरवाजे उघडे राहतात तेही त्यामुळेच. धर्माबादच्या शेतकऱ्याची अडचण खोटी नाही. ऑक्टोबर संपेपर्यंत पूर ओसरलेला असतो, मग बंधाऱ्यात किती पाणी साठणार? पण यावर मार्ग निघायचा तर तोही दोन राज्यांनी पुन्हा एकत्र बसूनच निघेल.

शेजाऱ्याशी जमलं, घरात अडलं

कराराचं पहिलं कलम आठवा. पैठणपर्यंतचं सगळं पाणी महाराष्ट्राचं. पण महाराष्ट्रात ते कुणाचं, हे त्यात लिहिलेलं नव्हतं. नाशिक-नगरकडे वर धरणं होत गेली आणि कमी पावसाच्या वर्षी जायकवाडी रिकामं राहू लागलं. शेवटी राज्याला २००५ चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायदा करून समन्यायी वाटपाचं तत्त्व आणावं लागलं. तरी टंचाईच्या वर्षी वरून पाणी सोडायचं म्हटलं की नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा असा सामना उभा राहतोच, प्रकरण हायकोर्टापर्यंत जाऊन आलं आहे.

लातूरची कथाही तशीच. २२ टीएमसीचा हक्क कागदावर होता, धनेगावला मांजरा धरण झालं, नदीवर बॅरेजची रांग उभी राहिली. पण पाऊसच पडला नाही तर हक्काचं करायचं काय? एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून ५ लाख लिटर पाणी घेऊन रेल्वे लातूरला आली, हे सगळ्या देशाने पाहिलं. करार पाणी वाटून देऊ शकतो, पाणी तयार करू शकत नाही.

आणि लेंडी? दोन राज्यांनी मिळून करायचा तो प्रकल्प मुखेड तालुक्यात निधी, भूसंपादन आणि पुनर्वसनाच्या गुंत्यात कित्येक दशकं अडकून पडला. सही करणं एका दिवसाचं काम, ती निभावणं पिढ्यांचं.

आता आंध्रच्या जागी तेलंगणा आहे, सही करणारे दोघंही हयात नाहीत. पण दर वर्षी १ जुलैला बाभळीवर दोन्ही राज्यांचे अधिकारी येतात, दरवाजे उचलतात, नोंद करतात आणि आपापल्या घरी जातात. कावेरीच्या पाण्यावरून बसगाड्या जळालेल्या आपण पाहिल्या आहेत. गोदावरीवर गेली कित्येक वर्षं भांडण कागदावर आणि कोर्टात राहिलं. शंकरराव चव्हाणांनी पाणी दिलं की मिळवलं, यावर वाद घालता येईल. पण पुढच्या वेळी बाभळीचा व्हिडिओ समोर आला, तर कमेंट करण्याआधी ही तीन कलमं लक्षात असू द्या.